विहिरींचा प्रकल्प : जानेवारी ते ऑगस्ट २०२४

रविवार, ७ जानेवारी

स्टुडिओवाल्या अण्णांच्या गच्चीवर आमच्या फोटो क्लबाची बैठक. हजर ११. नोंदी मी ठेवायच्या असं एकमतानं ठरलं, म्हणजे बाकी दहा जणांनी एकाच वेळी माझ्याकडं बघितलं.

ऑगस्टच्या प्रदर्शनाला विषय हवा. दर वर्षी आपलं तेच : कासची फुलं, ठोसेघरचा धबधबा, सज्जनगडावरचं धुकं, बावधनचं बगाड. गेल्या वर्षी एक आजोबा आमच्या कासच्या फोटोपुढं उभे राहिले, खिशातून मोबाइल काढला आणि तोच फोटो, त्याच कोनातून, आम्हालाच दाखवला. नातवानं काढलेला. आज 'कास' म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

विहिरी हा विषय खजिनदार काकांचा. त्यांच्या गावची विहीर दोन वर्षांपूर्वी मुरूम टाकून बुजवली, वर सभामंडप झाला. काका चाळीस वर्षं कॅमेरा वापरतायत, पण त्या विहिरीचा एकही फोटो त्यांच्याकडं नाही. एवढं सांगून ते गप्प बसले. मतदान घ्यावं लागलं नाही.

ठरलं ते : सातारा आणि आसपासच्या जुन्या, चिरेबंदी विहिरी. चोवीस प्रिंट. प्रदर्शन १९ ऑगस्टला संपेल असं. काठापासून तीन फुटांच्या आत एकट्यानं जायचं नाही. कमानीत मोहळ असेल तिथं फ्लॅश नाही. शेतातली विहीर असेल तर आधी मालकाला विचारायचं, मग कॅमेरा बाहेर. ड्रोन नाही. ड्रोनवरून थोडी खडाखडी झाली. माझं मत : वरून दिसणारा आकार आता सगळ्यांना पाठ झालाय, विहीर बघायची तर खाली उतरायला पाहिजे.

रविवार, २१ जानेवारी

शुक्रवार पेठ, बाजीराव विहीर. घरापासून चालत दहा मिनिटं, तरी अकरापैकी सहा जण आज पहिल्यांदा आले. मी त्या सहांत.

सकाळी साडेसातला पोचलो, कारण 'सोनेरी प्रकाश'. सोनेरी प्रकाश वरच्या दोन थरांवर आला आणि तिथंच थांबला. खाली कमानी काळ्याच्या काळ्या. कमानी दिसतील असं एक्स्पोजर दिलं की आभाळ पांढरंफटक, आभाळ सांभाळलं की कमानी गायब. दीडशे फोटो झाले, ठेवावा असा एकही नाही. येताना मिसळ बरी होती.

रविवार, ४ फेब्रुवारी

लिंब, बारा मोटेची विहीर. साताऱ्यापासून सोळाएक किलोमीटर, पुणे रस्त्यावरून आत. हजर ९, गाड्या दोन.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी, साधारण ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल. नुसता खड्डा नाही हा. पायऱ्यांनी खाली जायचं, कमानीखालून आत शिरायचं, आणि मग कळतं की आपल्या डोक्यावर एक छोटासा महालच आहे, विहिरीच्या पोटात बांधलेला. महालाच्या खांबांवर कोरीव काम, भिंतीवर शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. बाहेरच्या रस्त्यावरून यातलं काही दिसत नाही. शेतं दिसतात, बस.

आम्ही पोचलो तेव्हा पायऱ्यांवर प्री-वेडिंगवाले होते. नवरीच्या घागऱ्याचा घेर तीन पायऱ्या व्यापून. त्यांच्या फोटोग्राफरनं आमच्या ट्रायपॉडांकडं बघून विचारलं, "तुमचं कपल कुठाय?" काकांनी शांतपणे विहिरीकडं बोट केलं.

अकरापर्यंत बोगद्यातून काम केलं. आतला अंधार आणि कमानीबाहेरची उन्हातली भिंत यांत सात स्टॉपचा फरक भरला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). तीन-तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग लावलं, म्हणजे तोच फोटो कमी, मध्यम आणि जास्त उजेडात. निघायची तयारी झाली, तर आपले विज्ञानाचे गुरुजी थांबा म्हणाले. पावणेएकपर्यंत बसून राहिले. तोवर ऊन उत्तरेकडच्या भिंतीवर बरंच खाली उतरलं होतं, दक्षिणेकडची भिंत मात्र पूर्ण सावलीत. गुरुजींनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. आम्हाला भूक लागलेली.

शरभाचा फोटो सपाट आला. भिंतीवर डाग पडल्यासारखा.

रविवार, १८ फेब्रुवारी

पडद्यावर फोटो बघणं. दोन भांडणं, एक शोध.

पहिलं भांडण एचडीआरवरून, म्हणजे असे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकात जोडण्यावरून. तिघांनी लिंबचे तीन-तीन फोटो जोडून असे केले होते की अंधाऱ्या बोगद्यातला प्रत्येक दगड ट्यूबलाइट लावल्यासारखा उजळला होता. अण्णा म्हणाले, "हा बोगदा आहे का दागिन्यांचं दुकान?" ते तिघं म्हणाले, डोळ्याला तर दिसतं ना आतलं. खरं आहे, पण डोळ्याला ते दिसतं आत शिरल्यावर मिनिटभरानं, आणि तो मिनिट फोटोत यायला हवा. मी अण्णांच्या बाजूनं. निर्णय : जोडकाम चालेल, पण सावली सावलीच राहिली पाहिजे.

दुसरं भांडण पेट्रोलच्या वर्गणीचं. लिहीत नाही.

शोध गुरुजींचा. त्यांनी फळ्यावर विहिरीचा उभा छेद काढला. ४ फेब्रुवारीला भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्याच्या ३४ अंश दक्षिणेला होता, म्हणून ऊन एकाच बाजूला. मे उजाडेल तसा तो वर सरकत येणार आणि एका दुपारी बरोबर डोक्यावर. शून्य सावलीचा दिवस. कोल्हापूरला थोडा आधी, पुण्याला थोडा नंतर, आणि लिंबला गुरुजींच्या हिशोबानं १० मे, दुपारी साडेबारा. त्या वेळी विहिरीच्या आठही भिंतींना ऊन एकाच वेळी चाटून खाली जाईल. समोरून पडणार नाही, चाटून जाईल. "भिंतीला चाटून जाणाऱ्या उजेडात काय होतं?" गुरुजींनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

औषधाच्या दुकानातली आमची सगळ्यात धाकटी सदस्य म्हणाली, "प्रत्येक दगडाची सावली पडते."

क्लबात आल्या दिवसापासून जो तो नवख्याला सांगत आलाय : दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये, उजेड मेलेला असतो. उभ्या भिंतीचा विचार कुणी केलाच नव्हता. माणसाच्या चेहऱ्याला जी वेळ वाईट, ती विहिरीला चांगली.

रविवार, १७ मार्च

कोरेगाव बाजूची एक वस्ती. नाव लिहीत नाही, मालकांची तशी इच्छा. शेतातली दोन मोटांची विहीर, वर शेवरीचं झाड, बाजूला विजेचा पंप. हजर ५.

काठावर वाकून बघत होतो तेवढ्यात मागून आवाज : "काय वं, इरीत काय पडलं का?"

मालकांचे वडील. वय विचारलं तर म्हणाले, मोट बंद झाली तवा मी गडी होतो. चहा झाला, मग ते स्वतःच बोलायला लागले आणि पुढचे दोन तास कॅमेरे बाजूला राहिले. मोट चामड्याची. तिच्या तोंडाला जाड दोर, तो नाडा, वरच्या चाकावरून जाणारा. सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर, खालच्या कण्यावरून, म्हणजे आडव्या रुळावरून. बैल धावेवरून उताराला निघाले की मोट वर येते, थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी हौदात, रिती होते, पाणी पाटाला लागतं. मग बैल पाठमोरे मागं मागं चढत येतात. आजोबा हे सांगताना स्वतः मागं मागं चालत गेले, धोतराचा सोगा हातात धरून. त्या जागेवर आता मका आहे, तरी त्यांचं पाऊल चुकलं नाही.

"आन् ही खाच बघा."

थारोळ्याच्या काठाचा दगड. त्यात बोटभर खोल खाच. मी करंगळी आत घालून फिरवली. आतून खाच घोटलेली, काचेसारखी गुळगुळीत. दोन बोटं बाजूला तोच दगड खरबरीत, पाथरवटाच्या टाकीचे ठोके अजून मोजता येतील असे. कणा लाकडाचा, तो मोडला की सुतार येईपर्यंत सोंदूर दगडावरच घासायचा, असं आजोबा म्हणाले. "सुतार कदी येळंवर आलाय का?" म्हणजे ही खाच म्हणजे गावच्या सुताराची हजेरीच.

नऊचं तिरकं ऊन होतं. धाकटीनं पालथं पडून, कॅमेरा सरळ खाली धरून, खाचेचे वीसएक फोटो काढले. मी थर्माकोलचा तुकडा धरून सावलीत उजेड टाकत होतो. आजोबा दोघांकडं बघून हसत होते.

आज एकूण फोटो ६०. आजवरचा सगळ्यात कमी आकडा आणि सगळ्यात चांगला दिवस.

शनिवार, ३० मार्च

रंगपंचमी. बावधनचं बगाड. प्रकल्पात नाही, पण सात जण गेलेच. मीही. शीडाला, म्हणजे गाड्यावरच्या उंच लाकडाला, टांगलेला नवसाचा बगाड्या, खाली बैल, गुलाल, सगळं दर वर्षीसारखं भव्य आणि फोटो दर वर्षीचेच. एका ठिकाणी वाट काढताना काकांच्या लेन्सच्या फिल्टरला तडा गेला. लेन्स वाचली.

रविवार, १४ एप्रिल

पाटेश्वर. पुष्करणीसाठी गेलो आणि सगळे शिवलिंगांच्या कोरीव कामात अडकले. पुष्करणीचे फोटो चार. चूक कुणाची नाही, तिथं तसंच होतं.

शुक्रवार, १० मे

लिंब. हजर ९. गुरुजी निवडणुकीच्या ड्युटीवरून नुकतेच सुटलेले, साताऱ्याचं मतदान मंगळवारीच झालं, डोळे अजून तांबडे.

आज अक्षय्य तृतीया. घरी पितरांना पाणी सोडून, उदककुंभ देऊन सगळ्यांनी एकत्र जेवायचं असतं, आणि मी साडेनऊला ट्रायपॉड घेऊन दारात. बायको म्हणाली, "आज लोक पाणी दान करतात. तुम्ही जा, पाण्याचा फोटो काढा." आमरस झाकून ठेवते म्हणाली, एवढी मेहेरबानी.

साडेअकराला प्रत्येकाची जागा ठरली. दोघं महालात, तिघं पायऱ्यांवर, बाकी वरच्या काठावर, प्रत्येक जण दुसऱ्याच्या नजरेत. गुरुजींनी काठावरच्या सपाट दगडावर पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा उभा केला. बाराला पूर्वेकडची भिंत अंधारी होती, पश्चिमेकडची उजळलेली. पाइपची सावली आखूड होत होती. बारा वीसला पश्चिमेकडून एक ढग आला आणि अण्णांनी त्या ढगाला जे म्हटलं ते नोंदवहीत लिहिण्यासारखं नाही. बारा सत्तावीसला ढग सरला.

पाइपच्या आतला दगड उजळला, बाहेर सावली नाही. त्याच वेळी पूर्वेकडची भिंत जागी झाली. अख्खी एकदम नाही. आधी पुढं आलेले दगड, मग त्यांच्या खालच्या फटी, मग प्रत्येक थराची वरची कड, जणू कुणी वरून खडूची कांडी आडवी धरून खाली ओढत नेली. कुठला चिरा नंतर बसवलाय ते कळत होतं, कुठं टाकी तिरकी चालली ते कळत होतं. फेब्रुवारीत डाग वाटलेल्या शरभाच्या हनुवटीची सावली त्याच्या छातीवरून खाली उतरली आणि पंजाखालचा हत्ती दिसायला लागला. हत्ती आहे हे आम्हाला माहीत होतं, पण फोटोत तो आज पहिल्यांदा आला.

आणखी एक गोष्ट, जिचा अंदाज गुरुजींनाही नव्हता. पाणी चमकलं नाही. सूर्य बरोबर वर, त्याचं प्रतिबिंबही सरळ वरच जाणार, काठावरच्या माणसाच्या डोळ्यात येणार नाही. त्यामुळं पाण्याच्या आतला हिरवा रंग तळाकडं उतरत गेलेला दिसत होता, आणि एक कासव. पाण्याची चमक मारायचा फिल्टर, पोलरायझर, मी दोन हजार रुपयांना घेतला होता, तो डबीतच राहिला.

हे सगळं चार-पाच मिनिटं. त्यातली पहिली दोन मी आयएसओ ३२०० वर काढली, म्हणजे अंधारात लागते तेवढ्या संवेदनशीलतेवर. सकाळी बोगद्यात ठेवलेला आकडा बदलायचाच राहिला. फोटो जळले नाहीत, पण शटर इतकं वेगात गेलं की लेन्सचं छिद्र एफ ११ लावायच्या जागी मी काय लावलं हे बघायचंही सुचलं नाही. नोंद करून ठेवतो, म्हणजे दुसऱ्यांना शिकवताना लाज राहील.

बारा पस्तीसला पश्चिमेकडची भिंत विझायला लागली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. काका पायरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, आमच्या विहिरीतही असंच ऊन पडत असणार, तेव्हा आम्ही तिच्यात उड्या मारत होतो.

आमरस घरी गेल्यावर मिळाला.

रविवार, ९ जून

निवड. पाऊस सुरू, गच्ची बंद, अण्णांच्या स्टुडिओतच दाटीवाटीनं. प्रत्येकानं आपले दहा आणायचे होते, काहींनी चाळीस आणले. चोवीसपैकी लिंबचे अकरा झाले, त्यातले सात १० मेचे. माझे दोन. खाचेचा फोटो एकमतानं पहिला.

रविवार, १४ जुलै

पहिले प्रिंट आले. सगळे काळपट. बोगद्याच्या फोटोत तर रात्र झालेली. आधी सगळ्यांनी लॅबला नावं ठेवली. मग अण्णांनी आमच्या लॅपटॉपचा उजेड अर्ध्यावर आणला आणि तोच फोटो उघडला. पडद्यावरही तसाच काळा. म्हणजे दोष आमचा : स्क्रीन लखलखीत ठेवून फोटो गडद करत बसलो, कागद काय स्वतःहून उजळणार आहे?

आता अण्णांची जुनी रीत, अंधाऱ्या खोलीच्या काळातली. एकाच कागदावर त्याच फोटोच्या पाच पट्ट्या, प्रत्येक आधीपेक्षा थोडी उजळ. ज्या हॉलमध्ये लावायचं तिथल्याच दिव्याखाली नेऊन बघायच्या. चौथी पट्टी बरोबर निघाली. चकचकीत कागद रद्द, मॅट घ्यायचा. सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळीवर, चिकटवून घ्यायचं, काच नको.

शुक्रवार, २ ऑगस्ट

शून्य सावली आता पुन्हा यायची, सूर्य दक्षिणेकडं परतताना. आभाळ इतकं गच्च की आठवडाभर रोजच शून्य सावली. कुणी गेलं नाही.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

हॉलमध्ये मांडणी. सकाळी दहा ते रात्री नऊ. सुतळी, हुक, पाण्याची पातळी बघायची नळी, शिडी एक, सूचना देणारे आठ.

खाचेच्या फोटोवर अर्धा तास गेला. कॅमेरा सरळ खाली धरलेला, त्यामुळं फोटोत क्षितिज नाही, वर-खाली नाही. कॅमेऱ्याला स्वतःलाही अशा वेळी कळत नाही, त्यानं निम्मे फोटो एका बाजूला, निम्मे दुसऱ्या बाजूला फिरवून ठेवले होते. धाकटी म्हणाली, मी पडले होते तेव्हा विहीर माझ्या डोक्याकडं होती, म्हणून खोल बाजू वर. आम्ही थोरांनी विचार केला की विहीर खाली असते, दोर खाली जातो, सबब खोल बाजू खाली. सात विरुद्ध एक. हुक त्याप्रमाणं ठोकले.

शनिवार, १७ आणि रविवार, १८ ऑगस्ट

गर्दी बरी. शाळेची मुलं कासव शोधत होती. लिंब गावातले दोघं आले, शरभापुढं बराच वेळ थांबले. एकानं विचारलं, हे कुठल्या लाइटवर काढलंय? गुरुजींनी सगळं समजावलं, छेद काढून. तो म्हणाला, आम्ही त्या वेळी जेवायला घरी असतो.

एचडीआरवाल्या तिघांपैकी एकानं माझ्याकडं कबूल केलं की बोगदा अंधारातच बरा दिसतोय. बाकीच्या दोघांना सांगू नका म्हणाला.

सोमवार, १९ ऑगस्ट

जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच तारखेला फ्रान्स सरकारनं डागेरची पद्धत जगाला खुली केली, असा फलक दाराशी. पण आजच नारळी पौर्णिमा आणि राखी, त्यामुळं दुपारपर्यंत हॉलमध्ये आम्ही आणि पंखे. सगळ्यांच्या मनगटावर राख्या, धाकटीच्या पिशवीत भावासाठी पेढे.

चारला वस्तीवरचे आजोबा आले. मुलाबरोबर, पांढरंशुभ्र धोतर, पावसानं काठ भिजलेले. धाकटीनं हाताला धरून आत आणलं. लिंबच्या फोटोंपुढनं ते भराभर पुढं गेले. खाचेपुढं थांबले. चष्मा काढला, पुसला, लावला. मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या.

"दगुड आमचाच हाय," म्हणाले. "पर मी हितं हुबा राहायचो." बोट फोटोच्या वरच्या कडेला. "आन् इर माझ्या म्होरं. ह्यात मी इरीत हुबा हाय की वं."

कुणी काही बोललं नाही. धाकटीनं आमच्या सातही जणांकडं एक-एक करून बघितलं.

शिडी आणली. फोटो उतरवून फिरवला, पण हुक आता खालच्या बाजूला गेले आणि सनबोर्डमध्ये नवीन ठोकले तर तो फुटेल असं अण्णा म्हणाले. मग जुन्या हुकांतून सुतळी मागून वर घ्यायची ठरली. मी गाठ मारली, ती सरकली. काकांनी मारली, तीही सरकली. आजोबांनी काही न बोलता सुतळी आमच्या हातातून काढून घेतली, टोक ओठांत ओलं केलं आणि दोन वेढ्यांत बांधून दिली. ओढून बघितली. हलली नाही.